दोष पंपाचा की पाण्याचा?

या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी "पंप" असे उत्तर दिले. ते जरा थांबले आणि म्हणाले, "आपण कामगारांविषयी बोलाल अशी आमची कल्पना होती." मी म्हणालो, त्यांच्याविषयीच बोलणार आहे. तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला, याबद्दल त्यांचे आभार. मी इतिहासाचा पदवीधर नाही; कशाचाच नाही. नववीनंतर शाळा सुटली, पंपांच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज सांगावयाचा इतिहास हा फिटरच्या बाजूने पाहिलेला आहे, हे आधीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. आमच्या शहरातील एका जुन्या वसाहतीत बांधीव विहीर आहे आणि टाकीत पाणी चढविण्यासाठी तिच्यावर विजेचा पंप आहे. पंप विहिरीच्या तोंडाशी नाही. आत चौदा फुटांवर दगडी कट्टा आहे, त्यावर तो बसविलेला होता. पंप चालवावयास एक वयस्क गृहस्थ नेमलेले होते. वसाहतीतली मुले त्यांना मामा म्हणत. आपणही मामाच म्हणू. एके सकाळी नळांना पाणी आले नाही. पाहतात तो पंपाचे सील जळालेले, दांडा अडकलेला आणि मोटर जळालेली. मंडळाची सभा भरली. एक सभासद विहिरीत वाकून पाहून आले. तळाला चार फूट पाणी होते आणि फूट व्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला होता. मग निष्कर्षाला काय उशीर! विहिरीत पाणी आहे, तारेत वीज आहे, म्हणजे चूक माणसाची. मामांनी पंपात पाणी न भरता बटण दाबले आणि ते झोपी गेले. त्यांना कामावरून कमी करावे आणि मोटरीचा खर्च राहिलेल्या पगारातून वळता करावा, असा ठराव झाला.

मामा आमच्या कचेरीत आले ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "साहेब, आठ दिवस सांगत होतो. पाणी आहे, पण पंप ते उचलत नाही."

या अर्थाचे बोलणे मी त्यापूर्वी एकदा वाचले होते. ते सन १६३८ मध्ये हॉलंडातील लायडन शहरी छापलेल्या एका पुस्तकात आहे. पुस्तक गॅलिलिओचे. धर्मपीठाने त्याला घरातच कैद करून ठेवले होते, दृष्टी गेली होती, आणि इटलीत त्याचे पुस्तक छापण्याची सोय नव्हती. तीन मित्रांचे संभाषण अशी त्या ग्रंथाची रचना आहे, आणि त्याचा आरंभच व्हेनिसच्या जहाजगोदीतील कारागिरांच्या गौरवाने होतो. पुढे त्या तिघांतील सॅग्रेडो नावाचा गृहस्थ आपली हकीकत सांगतो. एका हौदावर पंप होता. पाणी भरपूर असले म्हणजे तो उत्तम चाले. पाणी ठराविक खुणेखाली गेले की तो बंद पडे. सॅग्रेडोला वाटले पंप बिघडला. त्याने दुरुस्तीला कारागीर बोलाविला. कारागिराने पंप पाहिला आणि सांगितले की दोष पंपात नाही, पाण्यात आहे. ते फार खाली गेले आहे. या जातीचा पंप लहान असो की मोठा, अठरा हातांच्या वर केसभरही पाणी ओढणार नाही.

तो हात फ्लॉरेन्सचा, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटरांचा. अठरा हात म्हणजे साडेदहा मीटर. आज कोणत्याही शाळेच्या पुस्तकात समुद्रसपाटीवरील ही मर्यादा १०.३ मीटर दिलेली आढळेल. त्या कारागिराचा अंदाज इतका नेमका होता. त्याचे नाव मात्र ग्रंथात नाही. आता गॅलिलिओने या गोष्टीचे कारण काय दिले पाहा. त्याचे म्हणणे असे की फार लांब दोर टांगला तर तो स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ अठरा हातांवर तुटतो. हे कारण चुकीचे होते. आधुनिक विज्ञानाचा जनक चुकला, आणि पंप दुरुस्त करणाऱ्याचे माप बरोबर निघाले! गॅलिलिओचा मोठेपणा असा की त्याने ते माप जसेच्या तसे लिहून ठेवले.

कारागिरांना हे त्याच्याही आधीपासून ठाऊक असावे, असे मानण्यास चांगला आधार आहे. जर्मनीतील खाणगावांत वैद्यकी करणाऱ्या अॅग्रिकोलाचा खाणकामावरील मोठा ग्रंथ १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात पाणचक्कीवर चालणारे पंप एकाखाली एक बसविलेले आहेत. खालचा पंप आपले पाणी मधल्या हौदात टाकतो, तेथून वरचा उचलतो. खोल खाणीतले पाणी एका ओढीत निघत नाही, ती उंची वाटून घ्यावी लागते, हे खाणीतल्या माणसांनी सिद्धांत मांडला जाण्यापूर्वीच अमलात आणले होते.

सिद्धांत आला तोही एका बंद पडलेल्या नळामुळेच. १६३० साली जिनोव्हाच्या बालियानी नावाच्या गृहस्थाने गॅलिलिओला पत्र लिहिले. सुमारे वीस मीटर उंचीच्या टेकडीवरून वक्रनळीने पाणी पलीकडे न्यावयाचे होते. नळी पक्की होती, पण पाणी येईना. हा हवेच्या वजनाचा परिणाम असावा, अशी शंका बालियानीने पुढच्याच पत्रव्यवहारात बोलून दाखविली. १६४० च्या सुमारास रोममध्ये बेर्ती याने घराच्या भिंतीला शिशाची उंच नळी उभी करून पाणी कोठवर तग धरते ते पाहिले. आणि १६४४ मध्ये गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांतील सहायक टोरिचेल्ली याने उत्तर दिले. त्याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तो नळीत ७६ सेंटिमीटरांवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणा, १०३३ सेंटिमीटर येतात. कारागिराचे अठरा हात हे असे पाऱ्यातून परत आले. चार वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्सातील प्वी-द-दोम हा डोंगर चढला, आणि माथ्यावर पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला दिसला. वर हवा कमी, म्हणून तिचा भारही कमी.

याचा अर्थ असा की पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतली हवा काढून घेतो इतकेच. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा जो भार टाकते, त्या भाराने पाणी नळीत चढते. हवा जेवढे ढकलील तेवढेच पाणी येणार, मग मोटर दहा अश्वशक्तीची बसवा की शंभर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या किंचित वर भरते. महाबळेश्वरास ती पावणेनऊच्या आसपास येते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात नळीचे घर्षण, गंजलेला आतला पृष्ठभाग, कोपरे, सांध्यांतून शिरणारी थोडी हवा आणि उन्हाळ्यातले कोमट पाणी ही सर्व आपापला वाटा घेतात. म्हणून जाणता फिटर आपल्याकडे वीस-बावीस फुटांवर भरवसा देत नाही.

आपल्या वाडवडिलांना ही अडचण का आली नाही, असे कोणी विचारील. त्यांची मोट होती म्हणून. मोटेला हवेच्या भाराशी कर्तव्य नाही. कातड्याची पिशवी पाण्यात बुडते आणि बैल धावेवरून उतरतात तशी ती वर येऊन थारोळ्यात रिकामी होते. विहीर साठ फूट असो, नाडा तेवढा लांब हवा. आणि मोट थांबली तर का थांबली हे शेतातले पोरही सांगू शके. नाडा तुटला, सोंदूर निसटला, कातडे फाटले, बैल बसला. सर्व काही डोळ्यांसमोर. मोटेचे दिवस फार सुखाचे होते असे मी म्हणत नाही. बैलांचे आणि मोटकऱ्याचे हाल ज्यांनी पाहिले ते तसे म्हणणार नाहीत. पण पंपाबरोबर प्रथमच असे झाले की यंत्र फिरते आहे, पाणी समोर दिसते आहे, आणि तरी काम होत नाही. बिघाड झाकला गेला. आणि बिघाड झाकला गेला की आळ यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसावर येतो.

आज घरोघर असतो तो पंप पंख्याच्या जातीचा, म्हणजे पाणी गरगर फिरवून बाहेर फेकणारा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात अॅपोल्ड याने वाकड्या पात्यांचा असा पंप चालवून दाखविला, तेव्हापासून या जातीचा खरा बोलबाला झाला. याचा एक स्वभाव लक्षात ठेवावयास हवा. पोटात पाणी असेल तरच तो पाणी खेचतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी. पोटात हवा असली तर पंखा कितीही फिरो, नळीत पुरेशी पोकळी होतच नाही. म्हणून आधी वरून पाणी भरावे लागते आणि ते खाली गळू नये म्हणून नळीच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह लागतो.

पाणी बंद झाले म्हणजे जुना फिटर काय करतो, हे मी कारखान्यात वर्षानुवर्षे पाहिले. तो पाना काढीत नाही, आधी ऐकतो. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर एक फेज गेला असेल, कपॅसिटर बसला असेल किंवा दांडा अडकला असेल. हा विजेचा नाहीतर लोखंडाचा प्रश्न. मोटर झकास फिरते पण पाणी नाही, तर तो ती ताबडतोब बंद करतो आणि नरसाळ्यातून पंपात पाणी ओततो. पाणी भरता भरता खाली जात राहिले, तर फूट व्हॉल्व्ह गळतो. त्याच्या जिभेखाली काडी किंवा खडा अडकला असावा. खेड्यात अशा वेळी शेणकाला ओततात, त्याने फटी बुजतात. उपाय ओबडधोबड, पण दिवस निभावतो. पाणी भरून राहिले, पंप सुरू केल्यावर पहिला लोंढा आला आणि मग धार तुटली, तर ओढनळीच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरते. हा सांधा फार छळतो, कारण त्यातून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. वरून सर्व कोरडे आणि निर्दोष दिसते. सांध्यावर चिकणमाती थापून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. आणि हे सर्व ठीक असूनही पंपातून खडी फिरविल्यासारखा आवाज येत असेल, तर फिटर दोरी मागतो. दोरीला दगड बांधून तो विहिरीत सोडतो आणि पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो.

ही दोरी म्हणजेच सॅग्रेडोच्या कारागिराचा प्रश्न: दोष पंपाचा की पाण्याचा? घरमालकाला हा प्रश्न आवडत नाही. पंपाचा दोष असला तर तो पैशाने दूर होतो आणि कोणावर तरी टाकताही येतो. पाण्याचा दोष निघाला तर आपण सर्वांनीच विहिरीतून किती उपसले, हे विचारावे लागते.

आपल्या शेतकऱ्याने हा प्रश्न एका परीने सोडविला. पाणी उतरले की पंपही उतरवावयाचा. चैत्र-वैशाखात विहिरीच्या आत कट्ट्यावर कट्टा बांधून इंजिन खाली नेलेले आपण पाहिले असेल. तत्त्व अगदी बरोबर: खालून ओढण्याची उंची कमी केली की वर ढकलण्याला हवेची मर्यादा नाही. परंतु विजेच्या मोटरीला जे शोभते ते डिझेल इंजिनाला शोभत नाही. खोल विहिरीत इंजिनाचा धूर कोंडतो, त्यातल्या विषारी वायूला वास नाही, आणि खाली उतरलेला माणूस कोसळला की त्याला काढावयास उतरलेला दुसराही कोसळतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपल्या जिल्हापत्रांत येत आल्या आहेत. मेलेला बहुधा मजूर असतो. इंजिन चालू असताना, किंवा नुकते बंद केलेले असताना, कोणी कितीही घाई केली तरी आत उतरू नये.

दुसरा मार्ग म्हणजे यंत्राचे डोके वर ठेवावयाचे आणि पंप खाली पाण्यातच सोडावयाचा. १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळ न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन बसले, ते सुमारे पन्नास यार्ड खोलीवरून खाणीचे पाणी काढी. इंजिन वर, पंप खाली, मध्ये लांब दांडे. आपल्या गावोगावचा हातपंप याच कुळातला, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर कठीण खडकात विंधनविहिरी झपाट्याने होऊ लागल्या. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले होते, आणि आता एकेका पंपावर सबंध गाव येऊ लागले. ते धडाधड मोडले. जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी डोक्याचा, टिकाऊ पंप तयार केला. सोलापूरला त्यात सुधारणा झाली. त्या सोलापुरी पंपावरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांच्या सहकार्याने 'इंडिया मार्क टू' सिद्ध झाला. १९७६-७७ मध्ये कोइमतूर भागात त्याची चाचणी झाली, १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले, आणि पुढे तो लाखोंच्या संख्येने देशात व आफ्रिकेतही गेला.

पंप मजबूत होता, पण एका गोष्टीचा विचार राहून गेला. आतला चामड्याचा वायसर झिजला की सगळी नळी उपसून काढावी लागे. त्यासाठी चार-पाच माणसे, अवजड हत्यारे आणि तालुक्याची गाडी. गाडी येईपर्यंत बायका पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याला. पंप बनविणाराने दुरुस्त करणाऱ्याला विचारले नाही म्हणजे असे होते. १९८० नंतरच्या दशकात पुन्हा कोइमतूरलाच प्रयोग झाले. चामड्याऐवजी कृत्रिम रबर आले, आणि 'मार्क थ्री' मध्ये नळी रुंद करून दट्ट्या आणि खालची झडप नळी न काढता वरच्या वर ओढून घेता येईल अशी योजना झाली. दोन माणसे, थोडी हत्यारे, काम गावातच. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतर गावातल्या स्त्रियाच हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. ज्यांचा हंडा रिकामा राहतो त्यांच्याच हाती पाना आला, याहून योग्य काय असणार!

आणि मग बुडीत मोटरीचा पंप घरोघर आला. मोटर आणि पंप दोन्ही पाण्यात. भरणे नको, फूट व्हॉल्व्हची कटकट नको, हवेची मर्यादा नको. दोनशे फूट, चारशे फूट, पैसे असतील तितके खाली जा. सोय निःसंशय मोठी झाली. पण माझ्या समजुतीने आपले एक नुकसानही झाले. जुना पंप बावीस फुटांवर अडून बसे आणि आपल्याला बजावी की पाणी खाली गेले आहे. नवा पंप काहीच बोलत नाही. तो शेवटच्या हंड्यापर्यंत देतो, आणि मग पाण्याविना तापून जळतो. त्यातून आपल्या राज्याच्या सुमारे ऐंशी टक्के भूमीखाली काळा पाषाण. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल गेले म्हणजे तेथे पाणी असेलच असे नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. कायदा चांगला होता. पण तो राबवावयाचा तर कोणीतरी दोरी घेऊन जाऊन मोजावयास हवे, आणि मोजणाराचे ऐकावयास हवे.

मामांकडे परत येतो. मी कारखान्यातल्या एका निवृत्त फिटरला बरोबर घेऊन वसाहतीत गेलो. मंडळाचे लोक सभ्य होते, चहा दिला, आणि ठराव झाला आहे असे सांगितले. आम्ही दोरी मागितली. काठापासून पाणी एकोणचाळीस फुटांवर होते. पंप चौदा फुटांवर. म्हणजे पंपापासून पाणी पंचवीस फूट खाली, आणि ओढनळी आतून गंजलेली. फूट व्हॉल्व्ह बुडालेला होता हे खरेच. सॅग्रेडोच्या हौदातही पाणी होतेच. मामांनी पंप भरला होता, पण दर वेळी धार तुटत होती, पोटातले पाणी तापत होते आणि शेवटी सील जळाले. हे सारे मी मंडळाला समजावून सांगितले. एक इंजिनियर सभासद लगेच उमजले व थोडे शरमले. इतरांना ते आमचे वकिली बोलणे वाटले. तेव्हा आमचा फिटर म्हणाला, "वाद कशाला? नवी मोटर आठ फूट खाली बसवा. पाणी आले तर मामा खरे, नाही आले तर तुम्ही खरे."

विहिरीत बावीस फुटांवर दुसरा कट्टा होताच. त्यावर पंप बसवावयास दीड दिवस लागला. पंप भरला, बटण दाबले, आणि टाकीत पाणी पडू लागले. विहीर तीच, पाणी तितकेच, मोटर त्याच ताकदीची.

ठराव मागे घेतला गेला. कापलेले पैसे मात्र दोन हप्त्यांत परत मिळाले. मी एक अट लेखी घालून घेतली. पंपघरात एक वही ठेवावयाची, रोज सकाळी दोरीने पाणी मोजून तीत आकडा लिहावयाचा, आणि दर शनिवारी मंडळाच्या चिटणिसांनी त्याखाली सही करावयाची. मामांचे अक्षर मोठे आणि वाकडे. पहिल्या दिवसाची नोंद त्यांनी केली ती मी पाहिली आहे: तारीख, पाणी एकोणचाळीस फूट, आणि त्यापुढे, कोणी सांगितले नसताना, "पंप ठीक".